केनवडच्या तीन कोस अलीकडे

१

हेमसिंगच्या शेतात शेततळ्याचे खोदकाम सुरू झाले, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी यंत्राच्या दात्यांत काळ्या मातीबरोबर माणसाच्या पायाचे हाड वर आले. चालकाने यंत्र बंद केले, तो खाली उतरला आणि पुन्हा वर चढला नाही. पुढचे काम हेमसिंगने व त्याच्या तांड्यातल्या दोघांनी आधी फावड्याने आणि मग हातांनी केले. संध्याकाळपर्यंत एक संपूर्ण सांगाडा उघडा झाला. त्याच्या डोक्याशी मातीचे लहानसे गाडगे होते. गाडग्याच्या तोंडावर घासून बसवलेली दगडी चकती होती, आणि आत पितळेची अकरा बटणे, एक शिटी आणि पट्ट्याचा एक बिल्ला. बिल्ल्यावर आकडा होता २१४.

पोलीस आले, पंचनामा झाला, हाडे तपासायला गेली आणि परत आली. ती शंभर वर्षांहून जुनी होती आणि कवटीला वा फासळ्यांना कसलीही इजा नव्हती. सरकारच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले. वारस ठरेपर्यंत हाडे एका नव्या मडक्यात भरून हेमसिंगच्याच कोठ्यात ठेवण्यात आली.

वारस ठरायला वेळ लागला नाही. तेथून तीन कोसांवर, केनवडला, इंद्रभानच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक कागद शतकभर जपून ठेवलेला होता. वऱ्हाडाबाहेरच्या एका मोठ्या शहराच्या पोलीसदलातून १९१५ च्या आषाढात तो आला होता. त्यात असे लिहिले होते की, जमादार उकंडराव, पट्टा क्रमांक २१४, घरी बाळंतपण आहे म्हणून रजेवर गेला तो परत हजर झाला नाही. सबब त्यास फरार समजून त्याचे नाव कमी करण्यात आले आहे.

उकंडराव जमादार म्हणजे इंद्रभानच्या आईचे आजोबा. आई, सोजरबाई, पंच्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या वडिलांना बहीणभाऊ नव्हते आणि सोजरबाईंनाही नव्हते, म्हणून त्यांचे यजमान घरजावई होऊन केनवडला आले आणि तो कागद त्या घरातून कधी हलला नाही.

"फरार म्हने!" इंद्रभान ओसरीवर उभा राहून गरजला. "तांड्यानं मारलं त्याले, लुटलं, आन् जमिनीत गाडून ठेवलं. सोमवारी ग्रामसभा आहे. मी अर्जच लिवला. त्या जागी शेततळं होऊ देत नाही मी, आन् तिथी पाटी लावतो की इथं आमच्या पणज्याचा खून झाला."

"लिवला असशील," सोजरबाई म्हणाल्या. "तुह्या अर्जाले काना-मात्रा तरी असते का? आधी त्या संघपालले बोलाव. तुह्या शाळेतल्या बाकावरचा तो. त्याचं डोकं थंड आहे."

"तो काय सांगन? तो तर रेकॉर्डातला कारकून होता."

"तेच म्हनून बोलाव. मेलेल्या मानसाचे कागद वाचाचीच तर त्याले सवय आहे." मग त्या खाली बघत म्हणाल्या, "मारलं कोनं ते तुमी पाहा. मले एकच पाह्यजे. माहा आजा घरी येऊन राह्यला होता, का घरून जाऊन राह्यला होता?"

२

संघपाल तायडे वाशीमच्या अभिलेखागारात छत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. कागद खोटे बोलू शकतो आणि माणूसही, परंतु दोघांनी एकच खोटे सांगणे फार दुर्मिळ, असा त्यांचा अनुभव होता. हे ते वाद घालून पटवून देत. शुक्रवारी सकाळच्या बसने ते केनवडला उतरले.

"मावशी," त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवीत विचारले, "येत होते की जात होते, असा प्रश्न तुम्हाला पडला तरी का? कागद म्हणतो ते रजेवर निघाले. सापडले घरापासून तीन कोसांवर. म्हणजे येतच असणार."

"गाव असं नाही म्हने." सोजरबाईंनी पदर सारखा केला. "गाव म्हने, जमादार चोरून आला, पोट्टं पाह्यलं, त्याचा पायगुन ऐकला आन् उलट्या पावली निघून गेला. माह्या बापाले शाळेतली पोरं म्हनत, तुले पाहून तुहा बाप पळाला. बाप माहा चौऱ्याऐंशी वर्सं जगला, पन त्यानं कधी आरशासमोर उभं राहून पागोटं बांधलं नाही. न पाहताच बांधे."

"पायगुण वाईट, हे कोणी ठरवले?"

सोजरबाई उठायला लागल्या. इंद्रभानच्या बायकोने, मंजुषाने, दारातूनच म्हटले, "सांगा ना आत्याबाई. ते काय परके आहेत?"

मग त्या सांगू लागल्या. हे त्यांना त्यांच्या आजीने, म्हणजे उकंडरावांच्या पत्नीने, द्रुपदाबाईने सांगितले होते. द्रुपदाबाई वारली तेव्हा सोजरबाई बावीस वर्षांच्या होत्या. ती कपाळावर कुंकू लावूनच गेली, कारण नवरा मेल्याचे कधी कोणी सांगितले नव्हते. गावातल्या बायका त्या कुंकवाला हसत.

द्रुपदेला माहेर नव्हते, म्हणून बाळंतपण सासरीच झाले. घरात दोघीच, ती आणि तिची विधवा सासू सगुणा. चैत्र महिना होता. पोर झाले आणि चार दिवस सासूने त्याला खाली ठेवले नाही. तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक देणे, सगळे तीच करी. पाचव्या दिवशी एक लमाणीण आली.

"तोंडावर देवीचे वन असलेली," सोजरबाई म्हणाल्या. "अंगनात आली नाही. लांब, रस्त्याच्या पल्याड उभी राह्यली. आजी बाजेवर पडल्या पडल्या दाराच्या फटीतून पाहे. सासू भायेर गेली. लय वेळ बोलल्या. सासूनं सुपात जवारी आनली तिले द्याले, तर तिनं घेतली नाही. तशीच गेली. अन् सासू घरात आली, तं पोराले शिवे ना! भर दुपारी डोक्यावरून पानी घेतलं. शेजारच्या बाईले बोलावलं अन् म्हने, आता पोराचं तू कर. आजीनं इचारलं, आत्या, काहून वो? तं म्हने, माही कंबर भरली. पन डोये लाल. त्या लमाणीनीनं काही तरी सांगितलं असन ना पोराबद्दल? अपशकुनी आहे म्हनून? आजीले तेच वाटलं. मरेपर्यंत तेच वाटलं. अन् माह्या बापालेही."

"तेच तं मी सांगून राह्यलो!" इंद्रभान उसळला. "ती तांड्याची बाई घर पाहाले आली होती. मानूस मारून मोकळे झाले, अन् मंग त्याच्या घरात काय आहे ते पाहाले आली."

संघपालांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. "मावशी, सासूने पोराला पुन्हा उचलले का?"

"उचललं ना. मंग तं असं उचललं की खाली ठेवे ना. छातीशी धरून बसे अन् नुसती पाहत राहे. पन तवालोक आजीचं मन फाटलं होतं."

"किती दिवसांनी उचलले?"

"आजी दिस मोजे बाजेवर. दुसरं काय करन? दहा दिस."

"नऊ नाही, बारा नाही?"

"दहा. अकराव्या दिशी न्हाली अन् उचललं. बारसंसुद्धा बाराव्याले नाही केलं. एकविसाव्याले केलं."

संघपालांनी वही मिटली. चहा थंड झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला आणि म्हणाले, "इंद्रभान, मला तांड्यावर नेऊन सोड. आणि तू स्वतः गाडीतच बस. तोंड उघडू नकोस."

३

तांडा मालेगावहून केनवडला येणाऱ्या जुन्या गाडीवाटेपासून अर्धा कोस आत, नाल्याच्या वळणावर होता. हेमसिंगची आई ललिताबाई दारातच बसून शेंगा फोडत होती. तिने संघपालांकडे आणि मग लांब उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले.

"तो इंद्रभान गाडीत कायले बसून राह्यला? खाली उतरला तं आमी त्यालेही गाडून टाकू म्हनते का?"

"मीच बसवलंय त्याला."

"बरं केलं. त्याचा आवाज लय मोठा आहे, आमच्या कोंबड्या अंडे देत नाही." तिने शेंगांची टोपली पुढे सरकवली. "खा. काय इचाराचं ते इचारा. पोलिसानं इचारलं, तलाठ्यानं इचारलं, आता तुमी."

"मी एकच विचारतो. जिथे हाडे सापडली, ती जागा कुणी कधी नांगरली का नाही? शेत तुमचे, जमीन काळी, कसदार. मग तेवढाच तुकडा पडीक का?"

ललिताबाईचे हात थांबले. "सासू म्हने नांगराचं नाही. तिची सासूबी म्हने. काहून ते कोनी सांगितलं नाही. आता पोराले पान्याची नड, तं मी म्हटलं खोद बाप्पा, कवालोक भ्याचं." मग तिने हाताने नाल्याच्या काठाकडे दाखवले. तेथे शेंदूर लावलेले लहान लहान दगड एका ओळीत मांडलेले होते. "आमच्या सीतळेच्या, देवीच्या सणाले सात आया मांडतो आमी. सात दगड. त्याच्या समोर राखनदाराचा एक. हे समद्या तांड्यांत असते. पन आमच्या तांड्यात अजून एक आहे. तो पाहा, त्या बाजूनं, थोडा दूर."

संघपाल जवळ गेले. ओळीपासून पंधरा पावलांवर एक बसका दगड होता. त्याला शेंदूर नव्हता. तो गुळगुळीत झाला होता, जणू कोणी वर्षानुवर्षे त्याच्यावर पाणी ओतीत आले असावे.

"हा कोणाचा?"

"त्याले पामणा म्हनतो. पावना. त्याले बकरं नाही, शेंदूर नाही. फक्त थंड पानी आन् दही-भात. अन् तो थोडा लांबच मांडाचा, जवळ नाही आनाचा. तशी रीत आहे. माही सासू सांगे, पामणा आपल्याच मनानं लांब, एका निंबाखाली बसला होता. मानसं जवळ गेली तं हात हालवे, दूर व्हा म्हने. आमच्या घरातली एक पुरानी बुडी होती, चंदाबाई. तिच्या तोंडावर देवीचे वन होते. लहानपनी देवी येऊन गेली होती तिले. ज्याले एकदा देवी येऊन गेली त्याले पुन्हा येत नाही, म्हनून तीच त्याले पानी देई. एवढंच मले माहीत. तो कोन, कुठला, ते तिनं सांगितलं असन तं कोनी ध्यानात नाही ठेवलं."

"पोलीस होता, हे नाही सांगितले?"

"तवा तांड्यात पोलीस आला की गडी रानात पळे. मेलेला पोलीस आमच्यापाशी आहे म्हनून कोन कोनाले सांगन? आज तरी कोनाले सांगतो? पाहा ना, सांगितलं नाही तवर शंभर वर्सं सुखात गेले, अन् हाड निघालं तं आठ दिसांत खुनी झालो."

संघपालांनी मान हलवली. ते निघणार तेवढ्यात त्यांनी पुन्हा वळून विचारले, "पाणी ओतताना तुम्ही काही म्हणता का?"

"म्हनतो ना. सात आयांले म्हनतो, लेकरं-वासरं सांभाळ. राखनदाराले म्हनतो, वाट राख. अन् पामण्याले म्हनतो..." तिने आधी गोरमाटीत, आपल्या बोलीत म्हटले, हळू, एका सुरात. मग अर्थ सांगितला. "पावन्या, थंड हो. लेकरू खुशाल आहे."

"कुणाचे लेकरू?"

"कोनाले ठाऊक! तसंच म्हनाचं. माही नात दुसरं काही म्हनली तं मीच तिले रागावली, जे म्हनत आले तेच म्हन."

संघपालांनी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. गाडीजवळ आले तेव्हा इंद्रभानने अधीरपणे विचारले, "मंग? कबूल झाली का बुडी?"

"इंद्रभान," संघपाल म्हणाले, "तुझा पणजोबा मेला हे तुझ्या घरात त्याच वेळी एका माणसाला कळले होते. आणि त्या माणसाने ते लपवले. तांड्याने नाही लपवले. तुझ्या घराने लपवले."

४

रविवारी दुपारी केनवडला ओसरीवर बैठक बसली. संघपालांच्या सांगण्यावरून हेमसिंग आणि ललिताबाई यांनाही बोलावले होते. ललिताबाई पायरीवर बसली. वर या म्हटले तरी वर आली नाही.

"आधी गाडगे," संघपालांनी सुरुवात केली. "लुटारू पितळ सोडत नाही. खुनी माणूस ओळख पटवणारा बिल्ला प्रेताच्या उशाशी ठेवत नाही. आणि ही बटणे पाहा. त्या काळी कोट धुवायला टाकताना पितळी बटणे काढून ठेवीत. प्रत्येकाच्या मागे एक कडी असते, ती सोडवली की बटण निघते. अकराच्या अकरा बटणांच्या कड्या जागेवर आहेत. म्हणजे बटणे तोडलेली नाहीत. कोणी तरी शांतपणे बसून, एकेक कडी काढून, बटण सोडवून, कडी पुन्हा बसवली. असे करणारा माणूस घाईत नव्हता, आणि ज्याच्या कोटाची ती बटणे, तो बहुधा जिवंत होता व कसे काढायचे ते सांगत होता."

"अन् कोट?" इंद्रभानने विचारले.

"जाळला. पितळ जळत नाही, म्हणून त्याचे त्याच्यापाशी ठेवले. आता दुसरी गोष्ट. इंद्रभान, लग्न झालेल्या माणसाला तुमच्यात जाळतात. हेमसिंग, तुमच्यात?"

"जाळतेच. लगन नाही झालं त्याले पुरते."

"आणि लग्न झालेल्यालाही पुरतात, असे कधी होते?"

उत्तर सोजरबाईंनी दिले. "देवीनं गेला तं. देवी अंगात असते. देवीले आग लावत नाही."

"म्हणजे उकंडराव देवीच्या रोगाने गेले. तांड्याने प्रेत दडवले नाही. जसे पुरायला हवे तसे पुरले, आणि त्या जागेवर नांगर चालवला नाही. येथे इंद्रभान एक आक्षेप घेईल, तो मीच घेतो. रोगी माणूस रस्त्यावर मदत मागत बसतो. हा रस्ता सोडून अर्धा कोस आत का गेला? घर तीन कोसांवर राहिले होते. अकोल्यापर्यंत रेल्वेने, तेथून मालेगावपर्यंत बैलांच्या दमणीत, आणि मालेगावहून पायी इतका आलेला माणूस आणखी तीन कोस चालू शकला नसता काय?"

संघपालांनी वहीतून एक छापील कागद काढला.

"मी काल त्या शहराची जुनी छापील पत्रके इंटरनेटवर शोधून पाहिली. १९१४ साली तेथे देवीची साथ सुरू झाली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकली. त्या साथीत आजारी घरांतली तान्ही मुले उचलून वेगळ्या घरी पोचवण्याच्या कामावर जे शिपाई नेमले होते, त्यांच्यावर उकंडराव जमादार होता. त्याच्या नावापुढे शाबासकी नोंदली आहे. त्याने टोचून घेतले होते की नाही, हे पत्रकात नाही. पण देवीचा फोड तान्ह्या मुलाचे काय करतो हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. मालेगाव सोडल्यावर त्याच्या अंगावर फोड दिसले. पुढे घर होते, आणि घरात बायकोचे दिवस भरत आले होते. रस्त्याने माणसे जात होती. म्हणून तो रस्ता सोडून आत गेला आणि तांड्यापासूनही लांब बसला. ललिताबाई सांगतात ना, जवळ येणाऱ्याला हात हलवून दूर करी."

सोजरबाई म्हणाल्या, "पन गाव म्हने पोट्टं पाहून गेला."

"गावाला दिवस मोजता आले नाहीत. द्रुपदाबाईंना येत होते. देवीचा फोड आल्यावर माणूस मरायला आठ-दहा दिवस तरी लागतात. तांड्याची बाई, ती वण असलेली चंदाबाई, निरोप घेऊन आली तेव्हा पोर पाच दिवसांचे होते. म्हणजे पोर जन्मले त्या दिवशी तुमचे आजोबा त्या निंबाखाली अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पोर पाहिलेच नाही, मावशी. पाहून पळणार कसे? ते येत होते."

सोजरबाईंनी खांबाला धरले. मंजुषा पुढे झाली, पण त्यांनी हाताने तिला थांबवले. "अन् ती बाई? ती पायगुन सांगाले..."

"ती दाणे घेत नाही, म्हणजे मागायला आलेली नाही. अंगणात येत नाही; तिच्या लुगड्याला रोग लागलेला असेल आणि घरात तान्हे आहे हे तिला कळले म्हणून. उकंडरावांना जे भय होते, तेच तिने पाळले. ती मरणाचा निरोप घेऊन आली होती. आणि तो तिने सगुणाबाईंना दिला. याला पुरावा तुम्हीच मला दिलात. भर दुपारची अंघोळ. दहा दिवस पोराला न शिवणे. अकराव्या दिवशी पुन्हा अंघोळ. हे काय आहे, मावशी?"

सोजरबाईंचे ओठ हलले. शब्द मंजुषाने उच्चारला. "सुतक."

"सुतक कळल्यापासून लागते. कळले एकट्या सगुणाबाईंना, म्हणून ते एकट्यांनीच पाळले. मुलाचे सुतक, एकुलत्या एका मुलाचे, आणि तेही कोणाला दिसू न देता."

"पन सांगितलं काहून नाही?" इंद्रभानचा आवाज आता मोठा नव्हता. "बायकोले तरी सांगाचं!"

पायरीवरून ललिताबाई म्हणाली, "बाळंतिनीले कोन सांगते बाप्पा? दूध आटते."

संघपालांनी मान डोलावली. "तेवढेच. तुमच्याकडे, त्यांच्याकडे, आमच्याकडेही, पाच दिवसांच्या बाळंतिणीला नवरा मेल्याचे कोणी सांगत नाही. सव्वा महिना झाला, ती उठली, की मग सांगायचे. सगुणाबाई कधी वारल्या?"

"सव्वा महिन्याले तीन दिस कमी होते," सोजरबाई म्हणाल्या. "पटकी झाली. एका दिसात गेली. आवाज बसला होता. मालेगावच्या वाटेकडं हात करे अन् आजीकडं पाहे. आजीले वाटलं, पानी मागून राह्यली. आजीनं पानी पाजलं."

५

हेमसिंगने खिशातून तंबाखू काढली आणि तशीच परत ठेवली. इंद्रभान आत गेला, अर्ज घेऊन आला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभा राहिला. शेवटी हेमसिंगनेच तो त्याच्या हातातून घेतला, दोन घड्या घातल्या आणि म्हणाला, "भाऊ, अक्षर चांगलं आहे तुमचं."

"आई म्हनते काना-मात्रा नाही."

"ते मले वाचता येत नाही म्हनून चांगलं दिसून राह्यलं."

सोजरबाई मात्र कोणाकडेच पाहत नव्हत्या. "महिनाभर," त्या पुटपुटल्या. "पोटचं पोरगं गेलं अन् ती सुनेले डिंकाचे लाडू करून चारे. आजी म्हने, सासूनं लाडू केले पन एक तोंडात टाकला नाही. म्हने, पोराच्या नावाचा लाडूबी तिले गोड लागला नाही. असं म्हनत आजी मेली, असं म्हनत बाप मेला." मग एकदम त्यांनी ललिताबाईकडे पाहिले. "तुमी काय म्हनता वो त्या दगडाले? पुन्हा म्हना."

ललिताबाईने म्हटले. सोजरबाईंनी डोळे मिटून ऐकले.

"माहा बाप तो," त्या म्हणाल्या. "ते लेकरू. त्याले साऱ्या जगात कोनी खुशाल म्हटलं नाही. अन् तुमी दरसाल म्हनत राह्यल्या."

"आमाले का ठाऊक होतं, आजी! रीत म्हनून म्हटलं."

"रीत म्हनूनच म्हना, पन म्हटलं."

हेमसिंगच्या मनात आठ दिवस जे घोळत होते ते त्याने बोलून दाखवले. "आजी, हाडं आमच्या कोठ्यात आहेत. त्याच जागी परत ठेवाची असतील तं शेततळं मी पन्नास पावलं सरकवतो. पामणा आमचाच आहे. शंभर वर्सं होता, अजून राहीन. आमची काही ना नाही."

"बराबर आहे," इंद्रभान म्हणाला. "आजवर तुमच्यापाशी राह्यला. हलवाचं कायले? मी तिथी चांगला ओटा बांधून देतो."

संघपालांनाही ते योग्य वाटले, आणि तसे ते बोलणारही होते. पण सोजरबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, मंजुषाचा आधार न घेता उठल्या, आणि चपला शोधू लागल्या.

"कुठी निघाली, आई?"

"तांड्यावर. गाडी काढ."

"अव आता? उनात?"

"इंद्रभान, तो त्या निंबाखाली काहून बसला होता?" त्या चपलेत पाय घालीत म्हणाल्या. "घर दिसत नव्हतं म्हनून नाही. चालता येत नव्हतं म्हनूनही नाही. देवी घरात जाऊ नये म्हनून बसला. तायडेभाऊ, तुमी कागदं वाचता. देवीचा रोग आहे का आता कुठी?"

"नाही, मावशी. जगात कुठेच नाही. संपला. पन्नास वर्षे होत आली."

"मंग आता त्यानं तिथी कायले बसाचं?" सोजरबाई म्हणाल्या. "चला. त्याले घरी घेऊन येऊ."